पर्जन्यछायेतील न्हाणीघर आणि बुरशी : लोणी भापकर (ता. बारामती) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरातील बुरशी ही कोकणासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशाची समस्या आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातील लोणी भापकरसारख्या गावांतही, नव्याने बांधलेल्या घरांच्या न्हाणीघरांत, काळी बुरशी धरू शकते. बुरशीचा संबंध पावसाच्या प्रमाणाशी कमी आणि घरातील ओल किती वेळ टिकते याच्याशी अधिक असतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. पाणीटंचाईमुळे न्हाणीघरात होणारी साठवण, दुष्फेन पाणी, बंदिस्त बांधकाम आणि रंगकामाची बदललेली पद्धत या चार कारणांची त्यात चर्चा केली आहे. तसेच बुरशी ओळखण्याच्या साध्या कसोट्या, ती काढण्याची सुरक्षित पद्धत आणि ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आल्याने संभवणारा धोका यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बुरशी, सापेक्ष आर्द्रता, दवबिंदू, दुष्फेन पाणी, चुन्याची सफेदी, वायुवीजन.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव तेथील मल्लिकार्जुन मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे इतिहासाच्या व मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. भूगोलाच्या दृष्टीने मात्र हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. बारामती परिसरात वर्षाकाठी साधारणतः पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. तालुक्याच्या कालव्याखालील बागायती भागाशी तुलना करता हा पट्टा कोरडवाहू आहे.

अशा गावात न्हाणीघराच्या भिंतीवरील बुरशीचा विचार करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. पिण्याच्या पाण्याची चिंता जिथे पिढ्यान्‌पिढ्या वाहिली गेली, तिथे ओलीची तक्रार कोण करणार, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अगदीच गैर नाही. परंतु बुरशीला नदी, तलाव किंवा मुसळधार पाऊस यांची गरज नसते. भिंतीच्या पृष्ठभागावरील काही मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थरात पुरेसा ओलावा असला की तिचे भागते. म्हणून बुरशीचे हवामान गावच्या वेशीवर न शोधता न्हाणीघराच्या कोपऱ्यात शोधावे लागते.

हा विषय किरकोळ मानून सोडून देण्यासारखा नाही, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण आरोग्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून दमट घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे त्यांत नमूद केले आहे. दुसरे कारण आर्थिक. दरवर्षी रंग देऊनही भिंत पुन्हा काळी पडते आणि कुटुंबाचा खर्च वाया जातो. तिसरे आणि सर्वांत तातडीचे कारण म्हणजे बुरशी घालवण्याच्या प्रयत्नात होणारे अपघात. न्हाणीघर स्वच्छ करण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे असते आणि घातक रसायनांशी सामनाही तिचाच होतो.

लेखाची उद्दिष्टे

१. न्हाणीघरातील बुरशीचे स्वरूप स्पष्ट करणे व तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टींपासून तिला वेगळे ओळखण्याच्या कसोट्या देणे.
२. पर्जन्यछायेतील गावात बुरशी का वाढते याची कारणमीमांसा करणे.
३. बुरशी काढण्याची व ती पुन्हा येऊ न देण्याची, ग्रामीण कुटुंबाला परवडणारी पद्धत मांडणे.

१. बुरशीचे स्वरूप

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि जीवाणूही नव्हे. ती कवक या स्वतंत्र सृष्टीतील सजीव आहे. हरितद्रव्य नसल्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती आपल्या तंतूंतून विकरे बाहेर सोडते, भोवतालच्या सेंद्रिय पदार्थाचे विघटन करते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. भिंतीवर दिसणारा काळा किंवा हिरवट डाग म्हणजे या तंतूंचे जाळे व त्यावर आलेले असंख्य बीजाणू. हे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की मोकळ्या हवेत ते सर्वत्र तरंगत असतात. बीजाणूरहित घर ही कल्पना व्यवहारात अशक्य आहे. त्यामुळे बीजाणू घरात येऊ न देणे हे आपले उद्दिष्ट असू शकत नाही, ते रुजू न देणे एवढेच आपल्या हाती असते.

न्हाणीघरात सामान्यतः क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम, अल्टरनेरिया आणि ऑरिओबेसिडियम या प्रजातींची बुरशी आढळते. यांपैकी पेनिसिलियमचे मानवावरील उपकार सर्वज्ञात आहेत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना याच बुरशीत पेनिसिलिनचा शोध लागला आणि ते औषध भारतात तयार व्हावे म्हणून १९५४ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरी येथे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. बुरशी स्वभावतः शत्रू नाही, अयोग्य जागी वाढल्याने ती उपद्रवी ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराने महाराष्ट्रात मोठी भीती निर्माण केली. त्या आजाराला प्रसारमाध्यमांत ‘काळी बुरशी’ असे नाव मिळाले आणि न्हाणीघरातील काळे डाग हे त्याचेच उगमस्थान असावे, अशी शंका घेतली जाऊ लागली. वस्तुतः म्युकरमायकोसिस हा म्युकोरेलीस या वेगळ्या गणातील कवकांमुळे होतो. ही कवके माती, कुजणारा पालापाचोळा, शिळी भाकरी यांवर वाढतात आणि अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइड औषधांचा अतिवापर अशा कारणांनी प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना बाधतात. त्या आजारातील ‘काळा’ हा शब्द मृत झालेल्या ऊतींच्या रंगावरून आला आहे. भिंतीवरील काळ्या डागाचा व त्या आजाराचा तसा थेट संबंध नाही.

याचा अर्थ भिंतीवरील बुरशी निरुपद्रवी आहे असा नव्हे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००४ मध्ये ओलसर घरे व आरोग्य यांविषयी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला. नाक व घशाच्या तक्रारी, खोकला, घरघर आणि आधीच दमा असलेल्यांमध्ये दम्याची लक्षणे बळावणे यांच्याशी बुरशीचा संबंध असल्याचे त्यात मान्य केले आहे. इतर अनेक आजारांबाबत मात्र पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आहे. भीती आणि दुर्लक्ष ही दोन्ही टोके टाळून दमेकरी, लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत सावध राहणे हीच शास्त्रीय भूमिका होय.

२. ओळख : बुरशी, लोणा, क्षार की शेवाळ?

भिंतीवर जे जे वाईट दिसते त्या सर्वांना घरोघरी ‘ओल आली’ या एकाच शब्दात सामावून घेतले जाते. परंतु प्रत्येकाचे कारण निराळे असल्याने उपायही निराळा असतो.

बुरशी ठिपक्यांनी सुरू होते. ठिपके वाढत जाऊन वर्तुळाकार डाग बनतात, कुबट वास येतो आणि रंग काळा, करडा किंवा हिरवट असतो. डागावर विरल ब्लीचिंग द्रावणाचा एक थेंब टाकल्यास काही मिनिटांत रंग फिका पडतो. धुळीचा किंवा काजळीचा डाग तसा फिका पडत नाही.

लोणा म्हणजे जमिनीतील किंवा विटांतील विद्राव्य क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढून पृष्ठभागावर साचणे. तो पांढरा, कापसासारखा भुरभुरीत असतो, बहुधा जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत दिसतो आणि गिलाव्याचे पोपडे पाडतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो विरघळतो. पांढरी बुरशी पाण्यात विरघळत नाही.

नळाभोवती व फरशीवर साचणारा कठीण पांढरा थर हा दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या कार्बोनेटचा असतो. लिंबाचा रस टाकताच त्यातून बुडबुडे येतात.

शेवाळ हिरवे व बुळबुळीत असते आणि त्याला प्रकाश लागतो. म्हणून ते खिडकीपाशी किंवा बाहेरच्या मोरीत दिसते. अंधाऱ्या कोपऱ्यात काळे डाग पडलेले असतील तर ती बुरशी असण्याचीच शक्यता अधिक. बादलीच्या तळाशी किंवा फरशीच्या सांध्यांत दिसणारा गुलाबी थर मात्र यांपैकी काहीच नाही. तो बहुधा सेरेशिया मार्सेसेन्स या जीवाणूचा असतो व साबणाच्या अवशेषांवर वाढतो.

३. ओलीचे गणित

हवेत बाष्प सामावण्याची क्षमता तापमानानुसार बदलते. १५ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा सुमारे १२.८ ग्रॅम, २५ अंशाला सुमारे २३ ग्रॅम आणि ३० अंशाला सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहिली की बहुतेक बुरशींचे बीजाणू रुजू शकतात. ॲस्परजिलसच्या काही जातींना याहून कमी आर्द्रताही पुरते.

आता पाच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच असे एक न्हाणीघर कल्पनेत आणू. त्याचे आकारमान सुमारे ६.८ घनमीटर भरते. २५ अंश तापमानाला त्यातील हवा संपृक्त होण्यास एकूण सुमारे १५६ ग्रॅम बाष्प लागते. हवेत आधीच ६० टक्के आर्द्रता असेल तर संपृक्ततेसाठी केवळ ६२ ग्रॅम पाणी, म्हणजे चार मोठे चमचे, पुरेसे होते. एका माणसाच्या आंघोळीनंतर फरशीवर पाव मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला असे धरले तर ते पाणी सुमारे ७०० ग्रॅम भरते, म्हणजे आवश्यकतेच्या अकरा पट.

हे ७०० ग्रॅम पाणी केवळ हवेच्या साहाय्याने बाहेर घालवायचे झाल्यास काय होईल? तापमान २५ अंशच राहते आणि बाहेर जाणारी हवा ९० टक्के आर्द्र असते, असे गृहीत धरू. बाहेरून येणारी हवा ५० टक्के आर्द्र असेल, तर प्रत्येक घनमीटर हवा सुमारे ९.२ ग्रॅम पाणी वाहून नेईल. म्हणजे सुमारे ७६ घनमीटर हवा, अर्थात न्हाणीघरातील संपूर्ण हवा अकरा वेळा बदलावी लागेल. सप्टेंबरच्या पावसात बाहेरच्या हवेची आर्द्रताच ८० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटर हवा केवळ २.३ ग्रॅम पाणी नेते आणि हवा सुमारे पंचेचाळीस वेळा बदलावी लागते. तासाला दोनशे घनमीटर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा धरला तर पहिल्या स्थितीत सुमारे तेवीस मिनिटे आणि दुसऱ्या स्थितीत दीड तास तो चालवावा लागेल.

याउलट आंघोळीनंतर रबरी पट्टीच्या वायपरने फरशीवरील व भिंतीवरील पाणी मोरीत ओढून नव्वद टक्के पाणी काढून टाकले, तर उरलेल्या सत्तर ग्रॅम पाण्यासाठी कोरड्या दिवशी सुमारे अडीच मिनिटे व पावसाळी दिवशी नऊ मिनिटे पंखा पुरतो. हे गणित ढोबळ आहे. पाण्याचे बाष्पीभवन इतक्या त्वरेने होतेच असे नाही. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. पाणी वाफ होण्यापूर्वीच द्रवरूपात काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि ज्या दिवसांत पंखा सर्वांत कमी उपयोगी पडतो, त्याच दिवसांत वायपर सर्वांत अधिक उपयोगी पडतो.

हिवाळ्यात याच्या जोडीला दवबिंदूचा प्रश्न येतो. या परिसरातील रात्री निरभ्र असतात व काँक्रीटचा स्लॅब आकाशाकडे उष्णता टाकून थंड होतो. सकाळी स्लॅबचा तळ १५ अंशांवर आणि आंघोळीच्या वाफेने भरलेली हवा २५ अंशांवर असेल, तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे दहा ग्रॅम बाष्प थंड पृष्ठभागावर दवरूपाने जमू शकते. काळे डाग छताच्या कोपऱ्यात आणि उत्तरेकडील भिंतीच्या वरच्या भागात प्रथम का दिसतात, याचे उत्तर येथे मिळते. घरात गळती नसतानाही ‘स्लॅब गळतो’ असा ग्रह होऊन गच्चीवर खर्च केला जातो, तोही याच कारणाने.

४. पर्जन्यछायेतील कारणे

४.१ बांधकामातील बदल : पूर्वीचे न्हाणीघर बहुधा परसात किंवा घराच्या कडेला असे. त्याला अनेकदा छत नसे, तळाला दगडी वा शहाबादी फरशी असे आणि पाणी तापवण्याचा बंब किंवा चूल जवळच पेटलेली असे. ऊन, वारा आणि अग्नी यांच्या सान्निध्यात ती जागा दुपारपर्यंत खडखडीत वाळत असे. गावातील पुष्करणीचा दगडही पावसात भिजतो, परंतु तो उघड्यावर असल्याने उन्हात सुकतो. भिजणे आणि ओले राहणे यांत फरक आहे. आजचे न्हाणीघर घराच्या पोटात, स्लॅबखाली व टाइल्सने मढवलेले असते. एका वीतभर झरोक्यावाटे त्याला हवा मिळते आणि तोही धूळ, डास किंवा थंडी यांमुळे बंद ठेवला जातो. घरात न्हाणीघर आल्याने विशेषतः स्त्रियांना मिळालेली सुरक्षितता व खाजगीपणा ही मोठी सामाजिक उपलब्धी आहे. तिचा त्याग करून मागे जाण्याचे कारण नाही. वायुवीजनाचा विचार मात्र घरासोबत आत आला नाही, ही त्रुटी मान्य करावी लागते.

४.२ पाण्याची साठवण : नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येण्याचा अनुभव असलेले कुटुंब पिंप, बादल्या व हौद भरून ठेवते. या साठ्याची सोयीची जागा न्हाणीघर हीच असते. उघड्या पिंपाचा पृष्ठभाग चोवीस तास बाष्प सोडत राहतो. अशा रीतीने पाण्याची टंचाई हेच खोलीतील ओलीचे एक कारण बनते. वरकरणी विरोधाभासी वाटणारी ही गोष्ट दुष्काळी भागातील न्हाणीघराचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवली पाहिजे.

४.३ दुष्फेन पाणी : दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी दुष्फेन असते. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबणातील मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून अविद्राव्य मळी तयार होते. ही मळी टाइल्सवर व सांध्यांत चिकटते. टाइल स्वतः बुरशीचे अन्न नसते, मळी मात्र असते. शिवाय तिच्या खडबडीत थरात पाणी धरून राहते. क्षारांचा थर काढण्यासाठी मग आम्ल वापरले जाते. त्या आम्लाने टाइल्समधील सिमेंटचे सांधे झिजून सच्छिद्र होतात, त्यांत अधिक पाणी मुरते आणि बुरशीला अधिक खोल आसरा मिळतो. स्वच्छतेचा अतिरेकी उपायच अस्वच्छतेला कसा पोषक ठरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

४.४ चुन्याकडून डिस्टेंपरकडे : दिवाळीपूर्वी घराला चुना देण्याची पद्धत केवळ शोभेची नव्हती. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा सामू बाराच्या वर असतो व अशा तीव्र अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशी सहसा रुजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते, सामू उतरतो आणि संरक्षण संपते. म्हणून दरवर्षी नवा हात देणे आवश्यक ठरते. ही वेळ पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे भिंतीत ओल सर्वाधिक असताना, येते हे लक्षणीय आहे. चुन्याचा थर बाष्प आरपार जाऊ देतो, त्यामुळे भिंत श्वास घेते असे म्हणता येईल. डिस्टेंपरमध्ये सेंद्रिय बंधक द्रव्ये असतात व ती बुरशीला अन्न पुरवतात. तैलरंग भिंतीतील ओल कोंडून धरतो आणि फुगे येऊन सुटतो.

५. निर्मूलनाची पद्धत

५.१ पूर्वतयारी : काम दिवसा करावे. दार, झरोका उघडा ठेवावा, पंखा असल्यास तो चालू करावा. नाकातोंडाला घट्ट बसणारा मास्क किंवा निदान अनेक पदरी स्वच्छ कापड बांधावे आणि रबरी हातमोजे घालावेत. दमा असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये व त्या वेळी जवळ थांबू नये. कोरड्या बुरशीवर केरसुणी अथवा कोरडा ब्रश कदापि फिरवू नये, कारण त्यामुळे बीजाणू हवेत उधळतात. प्रथम भाग पाण्याने ओला करावा.

५.२ धुणे : कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी करून ताठ ब्रशने डाग घासावेत, फडक्याने टिपून घ्यावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. या पायरीला बहुतेकदा कमी लेखले जाते. मेलेली बुरशीही ॲलर्जी उत्पन्न करू शकते. त्यामुळे बुरशी नुसती मारून भागत नाही, ती काढून टाकावी लागते आणि ते काम साबण व घासणे यांनीच होते.

५.३ निर्जंतुकीकरण : टाइल्स, फरशी, प्लास्टिक अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर डाग उरल्यास ब्लीचिंग पावडर वापरता येते. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यासाठी वापरते ती ‘टी.सी.एल.’ पावडर हीच होय. ताज्या पावडरीत सुमारे एकतृतीयांश क्लोरीन उपलब्ध असतो, परंतु उष्ण व दमट जागी ठेवल्यास तो उडून जातो. एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, पावडर ढवळून गाळ बसू द्यावा. वरची निवळी डागांवर लावून दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावी. नंतर फरशी कोरडी करावी.

गिलाव्याच्या भिंतीवर हा उपाय फसवा ठरतो. ब्लीचने वरचा रंग जातो, परंतु आत शिरलेले तंतू शाबूत राहतात आणि काही आठवड्यांत डाग परत येतो. अशा ठिकाणी ओलीचा उगम थांबवून, सुटलेला रंग व पोकळ गिलावा खरवडून, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच नवा गिलावा व चुन्याचे दोन हात द्यावेत. ओल्या भिंतीवर दिलेला कोणताही रंग टिकत नाही.

५.४ एक गंभीर इशारा : या लेखातील एकच गोष्ट वाचकाच्या स्मरणात राहणार असेल तर ती ही असावी. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण आणि न्हाणीघर साफ करण्याचे आम्ल ही दोन्ही एकाच वेळी अथवा एकापाठोपाठ कधीही वापरू नयेत. बाजारात ‘ॲसिड’ म्हणून मिळणारा द्रव बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतो. ते ब्लीचिंग पावडरीच्या संपर्कात येताच क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे अस्त्र म्हणून सोडण्यात आला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. लहानशा बंद न्हाणीघरात खाली बसून फरशी घासणाऱ्या स्त्रीच्या नाकाशी तो सर्वाधिक दाट असतो. आम्ल सौम्य आहे म्हणून धोका टळत नाही. लिंबू व व्हिनेगरही ब्लीचसोबत वापरू नये, आणि अमोनियायुक्त द्रवांशी संयोग झाल्यास क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.

घशात जळजळ, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ अशी लक्षणे जाणवताच काम तिथेच टाकून मोकळ्या हवेत यावे. दार उघडे ठेवावे, पण बाटल्या उचलण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. श्वास लागत असल्यास वैद्यकीय मदत विनाविलंब घ्यावी. क्लोरीनचे फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनी बळावू शकतात. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर विसंबू नये. क्षार काढणे आणि बुरशी काढणे ही दोन कामे वेगवेगळ्या दिवशी करावीत, हा साधा नियम प्रत्येक घरात पाळला जावा.

६. प्रतिबंध

बुरशी पुन्हा न येण्यासाठी पुढील सवयी व सुधारणा उपयुक्त ठरतात.

(१) शेवटच्या आंघोळीनंतर भिंती व फरशीवरील पाणी वायपरने काढावे. भिजलेली कोणतीही जागा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पूर्ण वाळली तर बुरशी सहसा धरत नाही.
(२) पिंप व बादल्यांना घट्ट झाकणे बसवावीत. त्यामुळे ओल घटते आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांनाही प्रतिबंध होतो. आठवड्यातून एकदा पाळावयाचा ‘कोरडा दिवस’ न्हाणीघरालाही लागू करावा.
(३) झरोक्याची काच काढून बारीक जाळी बसवावी. हवा बाहेर जाण्यासाठी आत येण्याचीही वाट लागते, म्हणून दाराखाली बोटभर फट किंवा दाराच्या तळाशी पट्ट्यांची जाळी असावी. बंद खोलीतील पंखा फिरतो, परंतु हवा हलवत नाही.
(४) ओले टॉवेल, पायपुसणे व कपडे न्हाणीघरात न ठेवता उन्हात वाळत घालावेत.
(५) टाइल्सचे झिजलेले सांधे वर्षातून एकदा तपासून भरून घ्यावेत. फरशीचा उतार मोरीकडेच आहे ना, हे पाणी ओतून पाहावे.
(६) टाइल्स न लावलेल्या भागाला व छताला दिवाळीपूर्वी चुन्याचा हात द्यावा.
(७) नवे घर बांधताना न्हाणीघराची निदान एक भिंत बाहेरची, शक्यतो दक्षिण वा पश्चिम दिशेची ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन ती वाळवते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यासारख्या योजनेतील घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर इतकेच असते. अशा लहान घरात न्हाणीघराची ओल झोपण्याच्या जागेपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. म्हणून तिथे ही दक्षता अधिक महत्त्वाची ठरते.

७. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने

न्हाणीघरातील एका काळ्या डागात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल, गृहविज्ञान व समाजशास्त्र अशा अनेक विषयांचे धागे एकत्र येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात विद्यार्थी गावात मुक्कामाला असतात. त्या काळात एखादे स्वस्त आर्द्रतामापक घेऊन काही घरांतील न्हाणीघरांची आंघोळीपूर्वीची व नंतरची आर्द्रता नोंदवणे, पाण्याचा दुष्फेनपणा तपासणे आणि वायपर वापरण्यापूर्वीच्या व नंतरच्या नोंदींची तुलना करणे हा उत्तम प्रकल्प होऊ शकेल. घरमालकाची संमती घेऊन आणि कोणाच्या अस्वच्छतेवर बोट न ठेवता हे काम झाले पाहिजे. ब्लीचिंग पावडर व आम्ल यांविषयीचा इशारा महिला बचत गटांच्या बैठकीत प्रात्यक्षिकाविना, केवळ समजावून, देता येईल. वर्गातील रसायनशास्त्र एखाद्या माउलीचा श्वास वाचवू शकत असेल, तर त्याहून मोठे विस्तारकार्य ते कोणते?

निष्कर्ष

१. न्हाणीघरातील बुरशी ही पावसाच्या प्रमाणापेक्षा ओल टिकण्याच्या कालावधीवर अवलंबून असते. त्यामुळे पर्जन्यछायेतील गावेही तिला अपवाद नाहीत.
२. पाण्याची साठवण, दुष्फेन पाणी, अपुरे वायुवीजन आणि चुन्याचा लोप ही या परिसरातील प्रमुख कारणे संभवतात व ती परस्परांना बळ देतात.
३. बुरशी मारण्यापेक्षा धुऊन काढणे, आणि काढण्यापेक्षा जागा कोरडी ठेवणे अधिक परिणामकारक व स्वस्त आहे.
४. ब्लीचिंग पावडर व आम्ल यांचा एकत्रित वापर बुरशीपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. याविषयीचे प्रबोधन तातडीने होणे गरजेचे आहे.

न्हाणीघर हा घरातील सर्वांत दुर्लक्षित भाग असला, तरी कुटुंबातील प्रत्येकाचा दिवस तिथूनच सुरू होतो. त्या जागेची हवा शुद्ध व भिंत कोरडी असावी ही अपेक्षा चैनीची नव्हे. ती पूर्ण करण्यासाठी लागणारी साधने, म्हणजे एक वायपर, झाकणे, झरोक्याची जाळी आणि चुन्याची एक पिशवी, बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यात आहेत. त्यांच्यामागचे शास्त्र घराघरांपर्यंत पोहोचवणे हे महाविद्यालयांचे काम आहे.